अर्जावर माझा नंबर

खोपोलीच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि पंचवीस-एक वर्षांनी तिथल्याच पर्सोनेल खात्यातून निवृत्त झाले. त्या खात्यात माझं खरं काम एकच होतं. आलेल्या अर्जातलं खोटं शोधायचं. दोन सख्ख्या भावांनी एकाच कंपनीचं एकच अनुभवपत्र जोडलेलं मी पकडलं होतं, फक्त नाव खोडून दुसरं टंकलेलं. दाखल्यावरच्या शिक्क्याची शाई ताजी वाटली म्हणून एका शाळेत पत्र पाठवून खात्री केली होती, आणि शाळेनं कळवलं होतं की असा विद्यार्थी आमच्याकडे नव्हताच. साहेब माझ्यावर खूश असत. घरच्यांना मात्र मी भाजीवाल्याकडेही पोलिसासारखी बघते असं वाटायचं, आणि ते काही चुकीचं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर लोधिवलीच्या घरी पडवीत टेबल मांडलं. लॅपटॉप होता, प्रिंटर घेतला. आजूबाजूची पोरंपोरी नोकरीचे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागली. मी कुणाला नाही म्हटलं नाही, पण कुणाचं एक वाक्य उलटतपासणीशिवाय लिहिलंही नाही.

एक मुलगी आली ती डोंगराच्या कुशीतल्या वाडीतून. आईवडील भात लावायचे, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन चौकच्या बाजारात बसायचे, एरवी मिळेल त्या कामावर जायचे. त्यांच्या वाडीतली ही पहिली बी.एस्सी., रसायनशास्त्र घेऊन. खोपोलीकडच्या एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेसाठी शिकाऊ माणसं घेणार होते, तिथं तिला अर्ज करायचा होता. तिनं पिशवीतून एक गुळगुळीत कागद काढला.

वर गणपती, चहूबाजूंनी झेंडूच्या माळेची चौकट. खाली नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण सावळा, मामाचं गाव. शेवटच्या रकान्यात ‘अपेक्षा’ आणि त्यापुढे लिहिलेलं, ‘कंपनीची बस असावी’.

“हे कुणाला द्यायचंय?” मी विचारलं.

“कंपनीला.”

“मग वर्ण कशाला?”

“झेरॉक्सवाला म्हणला, बायोडाटा एकच असतो. लग्नाचा काय नि नोकरीचा काय.”

त्याचंही काय चुकलं म्हणा. आमच्याकडे दोन्हींना बायोडाटाच म्हणतात, आणि त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नमुना एकच होता. मी हसले नाही. मला उलट शंका आली की हिला कुणीतरी मुद्दाम फसवलं असेल. ती मात्र हसली. म्हणाली, “पण बस असावी हे खरं हाय, बाई.”

मी तो कागद बाजूला ठेवला आणि कोऱ्या पानावर सुरुवात केली. मी सगळ्यांना सांगते तेच तिलाही सांगितलं. एकच पान. नाव, शिक्षण, काय काय केलंय आणि कुठं भेटाल. जात नको, वर्ण नको, वडील काय करतात ते नको, आणि आधारचा नंबर तर मुळीच नको. ई-मेलचा पत्ता तिनं कॉलेजात मैत्रिणींबरोबर काढला होता, त्यात ‘क्यूट’ होतं. तो बदलून स्वतःच्या नावाचा काढला. फाइलला ‘न्यू फायनल दोन’ असलं नाव द्यायचं नाही, आपलं नाव द्यायचं, म्हणजे उघडणाऱ्याला कुणाचा कागद ते कळतं.

अनुभवाशी आल्यावर ती म्हणाली, काहीच नाही. थोड्या वेळानं म्हणाली, ग्रामपंचायतीनं पाणी तपासायची पेटी दिली होती, वाडीतल्या विहिरींचं पाणी दोन वर्षं मीच तपासत होते. माझे कान टवकारले. असं ऐनवेळी आठवलेलं काम मी शेकड्यांनी पाहिलंय. मी विचारलं, पेटीतलं औषध टाकल्यावर पाण्यात क्लोरीन असला तर काय होतं? पिवळं होतं, ती म्हणाली, जास्त असला तर जास्त पिवळं. वही ठेवायचीस का? ठेवायचे. दाखव. दुसऱ्या दिवशी तिनं वही आणली. प्रत्येक विहिरीचं एक पान, तारीख, रंग, आणि एका ठिकाणी ‘बेडूक पडलेला, परत तपासणे’. ती वही बघून मी निमूट टाइप केलं.

मग नोकऱ्यांच्या एका साइटवर तिचं पान उघडून दिलं. फोटो लग्नातला नको, डोक्यामागे सजावट नको, पांढऱ्या भिंतीपुढे साधा काढ म्हटलं. तो माझ्याच पडवीत काढला. काम शोधतोय हे कळावं म्हणून त्या साइटवर फोटोभोवती हिरवं कडं टाकता येतं. तिला ते टाकायचं होतं. मी नको म्हणत होते, कारण ते कडं प्रामाणिक माणसाला दिसतं तसंच लबाडालाही दिसतं. पण तिचा हट्ट होता. टाकलं.

राहिला फोन नंबर. तिच्याकडे फोन होता, पण वाडीत रेंज नव्हती. खालच्या वळणावर आलं तरच घंटी वाजायची. अशा वेळी आमच्याकडे लोक खाली राहणाऱ्या कुणाचातरी नंबर देतात, दुकानदाराचा, अंगणवाडीच्या बाईंचा. मी म्हटलं, “माझा टाक. मी उचलीन आणि निरोप देईन.” हे मीच सुचवलं. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मला ते विसरायला फार आवडलं असतं.

तोच नंबर साइटवरही टाकला आणि अर्ज कंपनीला पाठवला. दोन दिवसांत माझ्या फोनवर फसव्यांची रीघ लागली. घरबसल्या काम, परदेशात काम, जहाजावर काम, लगेच रुजू व्हा. मी एकेकाला झाडत होते आणि मनातून खूशही होते, बघ, मी म्हटलंच होतं. त्याच सुमारास शेलूच्या नव्या इमारतींत राहणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. नोकरीच्या नावाखाली त्यांनी कुणालातरी सगळे कागद पाठवले, आणि त्यांच्या नावावर भलत्यांनी सिमकार्डं घेतली. पोलिसांनी त्यांनाच बोलावून घेतलं. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

तशात एक फोन आला. सकाळची वेळ होती, मी वाल सोलत बसले होते. नंबर साधा मोबाइलचा. बोलणारी मुलगी हिंदीमिश्रित मराठीत घाईघाईनं म्हणाली की त्या औषधांच्या कंपनीतून बोलतेय, तुमची निवड मुलाखतीसाठी झालीय, गुरुवारी दहाला या, ओरिजिनल कागद आणा, जन्मतारीख सांगा.

मी विचारलं, तुमचं नाव काय, हुद्दा काय, कंपनीचा लँडलाइन नंबर काय. ती म्हणाली, हाच माझा नंबर. मी विचारलं, मूळ कागद कशाला हवेत, नकला का चालत नाहीत. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही कँडिडेट आहात का? मी म्हटलं, ते तुम्हाला काय करायचंय? तिकडे कुणीतरी हसलं, किंवा मला तसं वाटलं. ते हसू मला पुरावा वाटलं. मी म्हटलं, “मुलीला ही नोकरी नको आहे. पुन्हा फोन करू नका.” आणि नंबर ब्लॉक केला.

वाल सोलून झाले. निरोप द्यावा असं मला वाटलंच नाही. खोट्या फोनचा निरोप काय द्यायचा? तिला उगाच घोर लागेल. मी सगळ्यांची किती काळजी घेते याचं त्या दिवशी मला कौतुक वाटलं होतं, हे आता सांगायला लाज वाटते.

त्यानंतर आठवड्यानं ती आली. चालत आली होती, घामाघूम. खालच्या वळणावर मेल उघडला आणि तिथूनच तडक माझ्याकडे. फोन माझ्यापुढे धरला. कंपनीच्या पत्त्यावरूनच आलेला मेल होता, खाली नाव, हुद्दा, लँडलाइन, सगळं बरोबर. ‘आपण दूरध्वनीवर नकार कळवल्यामुळे आपला अर्ज बंद करण्यात आला आहे.’

“बाई, फोन आल्ता का?”

“नाही,” मी म्हणाले.

इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडणारी मी, माझं स्वतःचं किती सहज निघालं. तिनं काही आवाज चढवला नाही. टेबलावरच्या माझ्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी इतक्या जणांकडे ज्या नजरेनं बघितलं असेल, तीच ती नजर होती, आणि ती माझ्यावर रोखलेली मला सहन होईना.

“आला होता,” मी म्हटलं. “मला तो खोटा वाटला. मीच नको म्हटलं.”

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, “घरात सांगितलंय मी, कंपनीत बोलवतील म्हणून. आये रोज इचारती.” मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

मी म्हटलं, मी तिथं जाते, सगळं समजावून सांगते. ती पटकन म्हणाली, “नको. तुमी लिवा. मी हितं बसते.”

मग मी कंपनीला मेल लिहायला बसले. जन्मभर पत्रं लिहिली, पण त्या दिवशी पहिलं वाक्यच जुळेना. अर्जदारास कल्पना नव्हती, फोन मी घेतला होता, मी तिची नातेवाईक नाही, असं सगळं लिहिलं. ती माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. ‘गैरसमजातून नकार दिला गेला’ या ओळीवर तिनं बोट ठेवलं.

“हे काढा.”

“का? गैरसमजच झाला ना माझा.”

“समज काय असंल तो असंल. नकार दिला गेला नाय, बाई. तुमी दिला. मला न इचारता दिला.”

मी ती ओळ खोडली आणि तिथं लिहिलं, ‘तिला न विचारता मी नकार दिला.’ इतकं सरळ वाक्य मी नोकरीत कधी टाइप केलं नव्हतं. ते वाचून तिनं मान हलवली. मी मेल पाठवला. उठताना ती म्हणाली, अर्जावरचा नंबर बदला, माझा टाका, मी वळणावर येऊन बसंन. बदलला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. जागा भरली होती. पुढे लागल्यास कळवू, असं होतं. कळवू या शब्दाचा अर्थ मला चांगला ठाऊक होता, मी तो शेकडो जणांना टाइप करून दिला होता. वाडीवरून कुणी आलं की मी तिची चौकशी करायचे. बरी हाय, एवढंच कळायचं. ती स्वतः फिरकली नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटायचा हक्क नाही हेही कळायचं.

चार महिन्यांनी एका दुपारी मी त्या साइटवर दुसऱ्या कुणाचं पान करत होते तेव्हा तिचा फोटो समोर आला. हिरवं कडं नव्हतं. पांढरा कोट होता, आणि नावाखाली त्याच कंपनीचं नाव. मी आधी संशयानंच बघितलं, कुणी तिचा फोटो वापरून खोटं पान केलंय की काय. कंपनीचं पान उघडून ताडून पाहिलं. खरं होतं. म्हणजे कंपनीनं खरंच पुन्हा कळवलं होतं, तिच्या नंबरवर. मग मला राग आला. मुलाखत झाली, नोकरी लागली, आणि मला एका शब्दानं कळवलं नाही.

पुढे काही दिवसांनी खोपोलीच्या स्टँडवर ती भेटली. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. मला बघून स्वतःहून आली, पाया पडली. इकडचं तिकडचं झालं. आई खूश आहे म्हणाली. मला राहवलं नाही.

“मला का गं सांगितलं नाहीस? मुलाखतीला जाताना तरी.”

ती हसली, पण उत्तर द्यायला तिनं वेळ घेतला नाही.

“सांगितलं असतं तर तुमी आधी कंपनीच्या गेटवर जाऊन चौकशी केली असती.”

तेवढ्यात तिची टमटम भरली आणि ती जाऊन बसली. मी तिथंच उभी राहिले. मी गेलेच असते.