उसना आवाज

नापिकीच्या त्या वर्षांत मी अमरावतीहून अकोटला एसटीने फार फिरले. काम सांगायला सोपं होतं. ज्या बायकांचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, त्यांनी आपला अनुभव रेकॉर्ड करून द्यायचा. तो इंटरनेटवर राहणार, म्हणजे तेच दुखणं लपवणाऱ्या इतर बायका ऐकतील. बायका चहा पाजायच्या, दुखणं सविस्तर सांगायच्या आणि मी संमतीपत्र काढलं की त्यांना म्हशीचं पाणी आठवायचं.

एक मात्र तयार झाली. बारा वर्षं कापडाचा बोळा लावून ती कापूस वेचत होती. सासूलाही कळू दिलं नव्हतं. चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं. रेकॉर्डिंग तिला ऐकवलं, तर ती म्हणाली,

“हा आवाज तं गल्लीतलं कुत्रंबी ओळखीन, ताई. पोरीची सोयरीक चालू हाय अंजनगावले. मायले हाय तं पोरीलेबी होईन, असंच म्हनतीन लोक.”

पुसून टाकते म्हणाले, तर तेही नको. दुसऱ्या एखादीने वेळेत दवाखाना गाठावा असं तिला वाटत होतं. शेवटी तिनेच सुचवलं, माझ्याऐवजी तुम्ही बोला. तिचे शब्द मी जसेच्या तसे, तिच्याच वऱ्हाडीत वाचले. खाली ‘आवाज दुसऱ्या व्यक्तीचा’ असं लिहिलं. ते कोणी वाचत नाही, हे मला कळायला हवं होतं.

दोन महिन्यांनी माझ्या नणंदेचा फोन आला. ती अकोटलाच दिलेली. त्या भागातली बाई न बाई तिच्या ओळखीची. रेकॉर्डिंग फिरत फिरत तिच्या फोनवर पोचलं होतं.

“वैनी, इतके वर्स सोसून राहिल्या अन् मले एका शब्दानं सांगतलं नाही?”

लग्नानंतर काही वर्षं मीही सासरी कापूस वेचलेला, त्यामुळे तिला शंका यायचं कारण नव्हतं. माझं नाही म्हटलं असतं, तर मग कोणाचं, हे काढून घेतल्याशिवाय तिने फोन ठेवला नसता. त्या बाईच्या पोरीचा साखरपुडा पुढच्याच आठवड्यात होता. दिवसभर फिरून पाय दुखत होते, वाद घालायची ताकद नव्हती. आता बरं आहे, म्हणून सांगितलं. तिने मला अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, जड काही उचलू नका म्हणून बजावलं आणि रविवारपर्यंत सगळ्या नात्यात कळवलं.

उन्हाळ्यात ती पोरगी अंजनगावला नांदायला गेली. मी सासरी गेले, तर जावेने माझ्या हातातली भरली बादली काढून घेतली. मी घेऊ दिली.