ठकीच्या गुडघ्याचा अर्ज

अठ्ठ्याहत्तर साली चावडीवर टीव्ही आला, तेव्हा रंगूबाईनं त्याच्याकडं पाठच फिरवली होती. खंबाटकीचा घाट उतरून पुण्याच्या अंगाला आलं की रस्त्यापासून कोसभर आत तिचं गाव. सिंहगडावरनं चित्र सुटतं म्हणे. ते गावापर्यंत येईस्तोवर दमून जायचं, ठिपके-ठिपके होऊन पोचायचं. पण पोचायचं. त्यासाठी दोन बांबू एकाला एक बांधून वर अँटेनाचा तो काटक्यांचा सांगाडा चढवला होता, आणि वारा सुटला की धोंडिराम बांबूला मिठी मारून उभा राहायचा. कार्यक्रमाचा आवाज तेवढा त्याच्या वाट्याला यायचा, चित्र बाकीच्यांच्या.

रंगूबाईच्या घरात दोनच माणसं, ती आणि तिचा नवरा लालासाहेब. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. लेक नाथाजी एकाहत्तरच्या लढाईत गेला, त्यानंतर बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. असल्या बाईला टीव्ही बघायचा कसला उल्हास!

पण एका गुरुवारी शेजारची अंबूबाई चप्पल न घालताच पळत आली. "रंगे, ऊठ. तुझी मालन हाय त्या पेटीत."

रंगूबाई हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून गेली. ती भाकरी पुढं कुत्र्यानंही खाल्ली नाही, इतकी करपली.

टीव्हीवर 'सारेगम घोटाळे' चाललं होतं. घोटाळे नावाचे एक मास्तर मुंबईत गाण्याची शिकवणी घ्यायचे आणि एकाही शिष्याला सूर लागायचा नाही, अशी ती मालिका. मास्तरांच्या घरी ठकी नावाची कामवाली होती. मास्तरांनी डोळे मिटून वरचा सूर लावला, की ठकी चहाचा ट्रे घेऊन नेमकी त्याच वेळेला आत यायची, दचकायची, आणि धाडदिशी पडायची. मग पडल्या-पडल्या मास्तरांना न लागलेला सूर स्वतःच लावून एक चावट गाणं म्हणत उठायची. सगळी चावडी हसून लोळायची.

ती ठकी म्हणजे मालन. रंगूबाईची सून.

त्या दिवशी लालासाहेबही चावडीत पुढं बसले होते. त्यांनी तो चेहरा बघितला, पटका सारखा केला आणि उठून गेले. त्यानंतर गुरुवार आला की त्यांच्या बैलांना नेमकी त्याच वेळी वैरण लागायची.

मालन मूळची कोयनानगरची, धरणावरच्या कामगाराची पोर. सदुसष्टच्या भूकंपात घराची भिंत अंगावर आली, त्यात आई गेली आणि हिचा डावा गुडघा दगडाखाली सापडला. पुढं हाड सांधलं, पण आतून कच्चंच राहिलं. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली ती गातच आली. जात्यावर गायची, शेण काढताना गायची. थंडीत गुडघा नारळागत सुजायचा, मग रंगूबाई कोमट करडईचं तेल घेऊन बसायची. आपल्याला लेक नव्हती याचं रंगूबाईला त्या दिवसांत एकदाही वाईट वाटलं नाही.

नाथाजी गेल्याची तार आली आणि गाणं थांबलं. लालासाहेबांच्या घराण्यात विधवेनं दुसरं घर करायचं नाही, बांगडी भरायची नाही, आणि तोंड उघडायचं ते जेवायला. एकविसाव्या वर्षी पोर भिंतीकडं तोंड करून बसायला लागली. लालासाहेब दुष्ट होते असं नाही. त्यांनी आपल्या आईला असंच बसलेलं बघितलं होतं, त्यांना वाटायचं बायका अशाच बसतात.

रंगूबाईनं दोन वर्षं ते बघितलं, मग चार महिने विचार केला. मग चौऱ्याहत्तरच्या पौषात एका पहाटे तिनंच मालनला रस्त्यापर्यंत चालत नेलं आणि पुण्याच्या यष्टीत बसवलं. पुण्याला मालनची मावसबहीण होती, तिथं बायकांना शिवण शिकवत होते.

"आत्याबाई, पोचले की पत्र धाडते," मालन म्हणाली.

"धाडू नगस. मामांच्या हातात पडलं तर दोघीबी गेलो."

घरी येऊन रंगूबाईनं नवऱ्याला सांगितलं, "उठले तर हातरूण मोकळं. पोरगी गेली जणू."

एवढं एकच वाक्य. पण गावानं त्याचं पीक काढलं. मालन पळाली, कुणासंगं पळाली, कुठल्या बसनं पळाली, सगळं गावाला माहीत झालं. लालासाहेब तर तिचं नाव काढलं की थुंकायचे. रंगूबाई तिथंच बसून गहू निवडायची. "मी धाडली तिला," हे तीन शब्द तिच्या तोंडाशी रोज यायचे आणि रोज परत फिरायचे. तोंड उघडलं तर आपलं या घरात काय व्हायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मालन काय, लांब होती. तिला शिव्या ऐकू जात नव्हत्या, अशी रंगूबाईनं मनाची समजूत घातली होती.

आणि आता चार वर्षांनी, पुण्याच्या शिवणावरनं मुंबईच्या पेटीत कशी पोचली देव जाणे, पोर समोर आली होती, दर गुरुवारी साडेसातला, अर्धा तास. रंगूबाई बायकांच्या मागं खांबाला टेकून बसायची. तिचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारीच संपायचा.

मालिका संपली की चावडीच्या कट्ट्यावर खरी मालिका सुरू व्हायची.

"मास्तर बरा हाय गड्या," धोंडिराम बांबू सोडून यायचा, "पण आवाज? आमची शेळी त्याला शिकवंल."

"तू कवा बघितलास रं मास्तर? तू तर बांबूवर हुतास," कुणीतरी म्हणायचं.

"आवाजाचं बोलतोय मी. आवाज खांबालाबी ऐकू येतो."

अंबूबाईची तक्रार वेगळी. "दर गुरुवारी साखर घातलेला च्या सांडत्यात, मुडदे! एकदा तरी त्या पोरीला प्यायला द्या म्हणावं."

सरपंच दादासो मिशीला हात लावून सांगायचे, "नाचगाणं लय झालं. शेतीचं कायतरी दाखवाय पायजे."

"शेतीचं लागतंय तवा तुमी घोरताय की, दादासो," बायडाबाई म्हणायची, आणि पुन्हा हसू.

मग कुणीतरी ठकीवर यायचं. "नाथाजीची बायकू, आन बघा कशी उड्या मारतीया." "पडती मातूर झकास." "लाज न्हाई, पर गळा हाय." रंगूबाई पदर सावरून उठायची. तिला गळ्याचं तेवढं ऐकून घरी जावंसं वाटायचं.

दहाव्या गुरुवारी ठकी पडली, आणि उठताना तिनं सगळा भार उजव्या पायावर घेतला. डावा हात जमिनीला टेकवला. तोंड क्षणभर वाकडं झालं, मग लगेच गाणं. चावडीला ते तोंड बघून आणखीच हसू आलं. रंगूबाईनं खांब घट्ट धरला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी ती सयाजी हवालदाराकडं गेली. सयाजी फौजेतनं निवृत्त झालेला, गावचे सगळे अर्ज तोच लिहायचा.

"भावजी, टीव्हीवाल्यांना एक कागूद लिवा. त्या पोरीला पाडू नका म्हणावं. गुडघा जायबंदी हाय तिचा, भूकंपातला. गाणं म्हणू द्या, पर पाडू नका."

सयाजीनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "वैनी, एकटीच्या कागदाला कोण इचारतंय? रस्त्याचा अर्ज कसा केला आपण? हिरीचा कसा केला? सगळ्या गावाचे अंगठे पायजेत. मंग सरकार हलतंय."

रंगूबाईला ते पटलं. शिवाय गावाचा अर्ज म्हटलं की तो कुणाच्या डोक्यातनं निघाला हे लालासाहेबांना कळणार नव्हतं. तिनं मान हलवली.

आता गावाची रीत अशी, की अर्जावर नुसता अंगठा कुणी देत नाही. विहिरीच्या अर्जातसुद्धा एकानं म्हशीचं दुखणं घातलं होतं. अंगठा द्यायचा म्हणजे आपलंही एक वाक्य आत पाहिजे. तीन दिवस सयाजीच्या ओट्यावर रांग लागली. दादासोंनी लिहायला लावलं, सदर बाईनं नाचणं गावास शोभत नाही. अंबूबाईनं चहा घातला. धोंडिरामनं मास्तराचा आवाज घातला. कुणी म्हणालं पडणं बघवत नाही, कुणी म्हणालं विधवेला काम देऊ नये, कुणी म्हणालं गाणी वाढवा. सयाजी फौजी माणूस. हुकूम झाला की लिहायचं. त्यानं सगळं एकाखाली एक लिहिलं. सगळ्यात वर मात्र गुडघा. खाली त्रेचाळीस अंगठे.

रंगूबाईनं आपला अंगठा सगळ्यात शेवटी दिला, दोनदा दाबून.

तीन गुरुवार गेले. चौथ्याला मालिका सुरू व्हायच्या आधी चष्मेवाली एक बाई आली आणि प्रेक्षकांची पत्रं वाचायला लागली. पहिलं पत्र ठाण्याचं, दुसरं पुण्याचं. तिसऱ्याला तिनं गावाचं नाव घेतलं.

चावडी उठून उभी राहिली. शिट्ट्या झाल्या. धोंडिरामनं बांबू सोडला, तसं चित्र गेलं, तसा सगळ्यांनी त्याला शिव्या देऊन परत बांबूकडं पाठवला. चित्र आलं तेव्हा बाई सांगत होती,

"...या गावातल्या त्रेचाळीस प्रेक्षकांनी कळवलं आहे, की ठकीचं काम करणाऱ्या बाईंचा गुडघा भूकंपात जायबंदी झालेला आहे, आणि त्यांचं हे काम अनेकांना पसंत नाही. बाईंनी ही दुखापत आम्हाला सांगितली नव्हती. चौकशी केली, तेव्हा ती खरी निघाली. प्रेक्षकांच्या मताचा मान राखून आम्ही त्यांना या कामातून मोकळं केलं आहे. आजपासून ठकीच्या भूमिकेत नवीन कलाकार दिसतील. पत्राबद्दल आभार."

बाईनं नमस्कार केला. चावडीनंही केला.

"आलं का न्हाई गावाचं नाव मुंबईला?" दादासो मागं वळून म्हणाले. "आन घाण बी गेली. पळून गेलेल्या बायकांची हीच गत..."

"पळाली न्हाई ती."

आवाज बायकांच्या मागून आला होता. रंगूबाई उभी होती. उभी कधी राहिली हे तिलाही कळलं नव्हतं.

"मी धाडली तिला. माझ्या हातानं यष्टीत बसीवली. ती नगं म्हणत हुती, मीच ढकलली. आन आता बी मीच..."

अर्जाआधी तो गुडघा गावात दोघींनाच नीट माहीत होता. मालननं पोटासाठी तो लपवला होता; तसाच लपवून, पडून-पडून, सुजवून ते काम धरून ठेवलं होतं. आणि आता तिला तो कागद दाखवला असेल, गावाचं नाव दाखवलं असेल. हे कुणी सांगितलं, हे तिला विचारावं लागलं नसेल.

टीव्हीत नवी ठकी आली, ट्रे घेऊन पडली. छान पडली. मागच्या रांगेतला एकजण हसला आणि मग त्यानं मान खाली घातली.

रंगूबाई घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. लालासाहेब अंगणात बाजेवर बसले होते.

"चार वर्सं," ते म्हणाले. "चार वर्सं मी त्या पोरीला तुझ्याम्होरं शिव्या दिल्या. तू ऐकत बसलीस."

"व्हय."

"एकदा तरी गप करायचंस मला."

घरातनं घालवतील या धास्तीनं रंगूबाई चार वर्षं गप्प राहिली होती. आता ते काही घालवत नव्हते. आणि तेच सोसवत नव्हतं. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

सकाळी लालासाहेब स्वतः सयाजीच्या ओट्यावर गेले. "लिव," म्हणाले. "बाईला परत कामावर घ्या म्हणावं. बसूनच गाऊ द्या. उभं ऱ्हायला लावू नका. आमी ऐकू." त्यांना सही येत होती. पहिली सही त्यांनी केली. दादासो आले, कुणाच्या डोळ्याकडं न बघता अंगठा देऊन गेले. या वेळी कुणी स्वतःचं वाक्य घातलं नाही. अंबूबाईनंसुद्धा चहाचं काढलं नाही. शेवटी रंगूबाईनं विचारलं, मालनचा पत्ताही मागता येईल का. सयाजीनं तेही लिहिलं.

आषाढ संपता संपता 'सारेगम घोटाळे' संपलं. मास्तरांचं लग्न लागलं, सगळे नाचले. रंगूबाई बघायला गेली नव्हती, अंबूबाईनं येऊन सांगितलं.

श्रावणात उत्तर आलं. एक कार्ड. सयाजी ते घेऊन स्वतः घरी आला. लालासाहेब वैरण टाकायचे थांबले.

"वाचा, भावजी."

"आपले पत्र मिळाले. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. असाच लोभ असावा."

"फुडं?"

"एवढंच हाय, वैनी."

"तिचं नाव?"

"न्हाई."

"पत्ता?"

सयाजीनं कार्ड उलटं करून बघितलं. मागं गावाचाच पत्ता होता.

"छापील हाय," तो हळूच म्हणाला. "समद्यांना हेच धाडत असत्याल."

रंगूबाईनं हात पुसून कार्ड घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती बघत राहिली. मग ते परत सयाजीपुढं धरलं.

"पुन्यांदा वाचा, भावजी. जरा सावकाश वाचा. गुडघ्याचं कायतरी लिवलं असंल."