पस्तीस ग्रॅमचं नाणं

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात हौसेनं मागवलेली वस्तू एकच. एका थोर संगीतकाराच्या स्मरणार्थ सरकारनं काढलेलं शंभर रुपयांचं नाणं. निम्मी चांदी, व्यास चव्वेचाळीस मिलिमीटर, वजन पस्तीस ग्रॅम. ते निळ्या मखमलीच्या डबीत येतं आणि खर्च करायचं नसतं, हे अण्णांना जिंतूरच्या पोस्टमनला समजावून सांगावं लागलं होतं. अण्णा गाणं शिकवायचे. डबी तानपुऱ्याशेजारच्या फडताळात असायची. ते ती उघडून बघायचे, पण नाण्याला हात लावायचे नाहीत.

मी येलदरीला धरणावर पाण्याची पातळी नोंदवायच्या कामावर आहे. तिशीत मला हातचलाखीचा नाद होता. बारशाला, शाळेच्या गॅदरिंगला लोकांच्या अगदी समोर बसून नाण्यांचे प्रयोग करायचो. या प्रयोगांना खास नाणी लागतात. दोन्हीकडं छापा असलेलं, लोहचुंबकाला चिकटणारं, घडी होणारं. मला सगळ्यात जास्त हवं होतं ते डबीसारखं उघडणारं नाणं. दिसायला अख्खं, पण आतून पोकळ. फिरवलं की उघडतं, त्यात रुपया लपवायचा आणि बंद करायचं. साध्या नाण्यात रुपया मावत नाही. अण्णांच्या नाण्यात मावत होता. मी मापून पाहिलं होतं.

परभणीला लेथवर काम करणारा एक ओळखीचा माणूस होता. अण्णांना न सांगता मी नाणं त्याच्याकडं नेलं. त्यानं ते कडेनं चिरलं, दोन्ही भाग आतून कोरले, बारीक आटे पाडले. सांधा भिंगाशिवाय दिसत नव्हता. ते घेऊन मी अकरा कार्यक्रम केले; दर वेळी नंतर ते गुपचूप फडताळातल्या डबीत ठेवायचो. मग धाकट्या मुलीचा जन्म झाला, नोकरीतल्या पाळ्या बदलल्या आणि नाद सुटला. नाणं कायमचं परत ठेवताना मी सोनाराकडच्या काट्यावर वजन केलं. चौदा ग्रॅम कमी भरत होतं. तेवढं शिसं आत बसवलं, सांधा चिकटवला, पुन्हा वजन केलं. पस्तीस. काम नीट झालं, असं तेव्हा मला मनापासून वाटलं.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं अण्णांची दृष्टी गेली. आई त्याआधीच गेली होती. अण्णांची अंघोळ, औषधं, डोळ्यांत थेंब, सगळं माझ्याकडं आणि बायकोकडं आलं. सकाळी सहाला थेंब, मग येलदरी, संध्याकाळी परत आल्यावर थेंब. कंटाळा आला म्हणावं, तर तेवढीही ताकद उरत नाही. पण अण्णांचं शिकवणं चालू होतं. गल्लीतल्या दोन मुली रोज साडेपाचला यायच्या. त्या दीड तासात अण्णा कोणावर अवलंबून नसायचे.

आणि एक दिवस त्यांनी मुलींना यायचं नाही म्हणून सांगितलं. थकवा आलाय म्हणाले. तानपुऱ्यावर गवसणी चढवली. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. असे अकरा आठवडे गेले.

एका रविवारी मी त्यांची नखं कापत होतो. ते आपणहून बोलायला लागले. त्यांच्या लहानपणी, निजामाच्या अमलात, बाजारात हाली, म्हणजे निजामाचा रुपया घ्यायचा तर आधी दगडावर टाकून वाजवून घ्यायचा, अशी रीत होती. आजोबा ते काम अण्णांकडं द्यायचे. खोटा, बद्द वाजणारा रुपया अण्णांच्या कानातून कधी सुटला नाही. दिसायचं बंद झाल्यावर एकदा त्यांनी डबीतलं नाणं हातात घेतलं. नाण्यावरच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला, अक्षरं चाचपली. मग जुन्या सवयीनं ते फरशीवर टाकलं.

"बद्द वाजलं," ते म्हणाले. "तीनदा टाकलं. सरकारची चांदी बद्द कशी वाजंल? माझाच कान गेलाय. सूर कळंना अन् लेकरांना काय शिकवायलोय मी? चुकीचं बसलं की जन्मभर निघत न्हाई."

 वजन, जाडी, सांधा, सगळं मी मोजलं होतं. आवाजाचं एकदाही मनात आलं नव्हतं, आणि तेही गवयाच्या घरात.

मी त्या दिवशी बोललो नाही. पुढचे नऊ दिवसही नाही. बायकोला मात्र सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"नाणी गायब करायचे तुमी," ती म्हणाली. "आता म्हाताऱ्याचं गाणं गायब करून दाखवलं. टाळ्या वाजवू का?"

दहाव्या दिवशी कामावरून आल्यावर पाय धुतले आणि अण्णांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. लेथ, अकरा कार्यक्रम, शिसं. ते ऐकत राहिले. मी समजूत काढायला काहीतरी बनवून सांगतोय, असं त्यांना वाटत असावं. म्हणून मी नाणं गरम पाण्यात ठेवलं, डिंक सैल केला, पिळून उघडलं आणि नाण्याच्या दोन्ही पोकळ वाट्या त्यांच्या हातावर ठेवल्या. शिशाची चकतीही ठेवली. त्यांनी आतून बोट फिरवलं.

मग त्यांनी एक वाटी माझ्याकडं दिली. "वाजव."

मी चमच्यानं हलकेच वाजवली.

"पांढरी पाच. थोडी उतरलेली. पेटी घे."

मी पेटी ओढली आणि ती पट्टी दाबली. वाटीचा आवाज तिच्यापेक्षा किंचित खाली होता. माझ्यासारख्याला तो फरक शेजारी ठेवूनच कळला. त्यांनी दुसरी वाटी वाजवायला लावली, मग स्टीलची वाटी, मग पेला. दर वेळी आधी ते सांगायचे आणि नंतर मी पट्टी दाबायचो. एकही चुकलं नाही.

त्यांनी शिशाची चकती परत चाचपली. मग विचारलं, "शिसं भरल्यावर वजन किती केलंस?"

"पस्तीस."

"बरोबर पस्तीस?"

"हो."

"म्हंजे कळू न्हाई याची लय काळजी घेतलीस."

 मग मुलींना उद्यापासून बोलव म्हणाले आणि तानपुऱ्याची गवसणी काढायला लावली. तारा पार उतरल्या होत्या. खुंट्या फिरवायचा जोर आता त्यांच्या बोटांत नाही, म्हणून मी फिरवत होतो आणि ते सांगत होते. अजून. जास्त झालं. मागं घे. दिवसभर धरणावर पायऱ्या चढउतर केल्यानं माझी पाठ भरून आली होती. तिसरी तार लागली असं मला वाटलं आणि मी हात काढला.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "धर परत."

मी खुंटी परत धरली.