तुला मेकअप लागणार नाही

"पोतराजाची बायको तू कर. तुला मेकअपसुद्धा लागणार नाही."

कार्यक्रम बसवणाऱ्या मेधाताई म्हणाल्या आणि सगळे हसले. स्टुटगार्टमधला एक हॉल, रविवारची दुपार, आमच्या मराठी मंडळाची तालीम. बहुतेक सगळे इंजिनियर. मीही इंजिनियर. जवळच्या ब्योबलिंगेनच्या एका कंपनीत गाड्यांचं सॉफ्टवेअर तपासते. पण त्या मिनिटाला मी फक्त काळी होते.

मीपण हसले. अशा वेळी तोंड आपोआप हसतं. त्याला लहानपणीच तशी सवय लावलेली असते.

कार्यक्रम होता लोकधारेचा. वासुदेव, कोळी, धनगर आणि पोतराज. पोतराज होणार होता सुहास. गोरापान, कोथरूडचा, स्वभावाने बरा माणूस. युट्यूबवर बघून बघून शिकत होता. कमरेला चिंध्यांचा घागरा, मोकळे केस, कपाळभर कुंकू, हातात आसूड. बायकोने डोक्यावर मरीआईची पेटी घ्यायची आणि ढोलकं घासायचं, गुबूगुबू.

मला युट्यूब लागत नव्हतं. माझा बाप पोतराज होता. पेटी माझ्या आईच्या डोक्यावर असायची आणि सूप माझ्या हातात.

हे त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं लग्नानंतरचं आडनाव असं आहे की त्यावरून जात काढता येत नाही. लोक चाचपतात, गाव विचारतात, मामाकडचं आडनाव विचारतात. मी सोलापूर म्हणते आणि विषय बदलते.

तो हॉल आमच्या मंडळाचा नाही. हैतीच्या लोकांचं कला केंद्र आहे ते, मंडळ भाड्याने घेतं. आमची माणसं तिथे ढोकळा खातात, भिंतींकडे बघत नाहीत. भिंतींवर त्यांच्या देवांचे झेंडे आहेत. टिकल्या शिवून शिवून काढलेले. साप, तलवारवाला घोडेस्वार, मोठ्या डोळ्यांची एक बाई. जुन्या तेलाच्या पिंपांचा पत्रा कापून केलेली झाडं आणि पाखरं. प्रत्येकावर नीट दिवा लावलेला.

केंद्र चालवते ती मिरेय. साठीची. माझ्याहून काळी. तिला मेकअप लागेल की नाही, हे बोलायची कुणाची छाती नाही.

त्या दिवशी तालमीनंतर मी मोठ्या डोळ्यांच्या बाईच्या झेंड्यासमोर उभी होते. मिरेय शेजारी आली. आम्ही दोघी जर्मनमध्येच बोलतो, दोघींनाही ती परकीच.

"हा माझ्या आजोबांच्या पूजेतला," ती म्हणाली. "ते आमच्या देवांचे पुजारी होते. अंगात यायचं त्यांच्या. पाद्र्यांनी गावातले असले झेंडे गोळा करून जाळले, तेव्हा आजीने हा गादीत शिवून लपवला."

मी कुजकटपणे विचारलं, "म्हणजे कोंबड्या कापायचे, दारू ओतायचे, तसलं?"

"गेनाऊ, अगदी तसलंच," ती म्हणाली. "आणि त्याच देवांच्या ढोलांवर आमचे गुलाम पूर्वज मालकांवर उठले."

दाराजवळ तिच्या आजोबांचा फोटो आहे. खाली नाव. शनिवारी तिथे पोरं टिकल्या शिवायला बसतात. जर्मन पोरंसुद्धा. म्युझियमवाले येतात आणि मान वाकवून बघतात.

माझ्या पोटात दुखायला लागलं. खरंच सांगते, जळले मी. कौतुक वगैरे काही नाही, नुसता जळफळाट. हिचा म्हातारा अंगात येऊन नाचला तर तो पुजारी, आणि माझा बाप नाचला तर भिकारी? हिचा देव मालकाच्या उरावर बसला. आमच्या मरीआईला गावाबाहेर ठेवलेली. गावचा रोग तिने घ्यायचा आणि तिच्या पोतराजाने गावच्या दारात मार खायचा, तोही स्वतःच्याच हातचा. तो फोटो उचलून फेकून द्यावासा वाटला मला. घरी जाताना एस-बानच्या लोकलमध्येही तेच. समोर बसलेल्या कुणाकडे बघवत नव्हतं.

माझ्या बापाचं सांगते. पाटलाच्या वाड्यासमोर त्याने फटके मारायला सुरुवात केली की पोरं ओट्यावर येऊन बसायची. "अजून एक," म्हणायची. बाप मारायचा. "अजून एक." पाठीवर वळ उठल्याशिवाय पाटलीणबाई बाहेर यायच्या नाहीत. मग हात उंच धरून वरून पसाभर ज्वारी सोडायच्या. सुपाला हात लागू नये म्हणून. अर्धी मातीत पडायची. ती मी वेचायचे.

मला वसतिगृहात घातलं त्या दिवशी बापाने जटा कापल्या. आसूड पडक्या विहिरीत टाकला. मला म्हणाला, "आता हे कुणी वर काढायचं न्हाई."

पुढच्या रविवारी कपडे घालून तालीम झाली. सुहास अंगाला तपकिरी रंग फासून आला. आसूड ऑनलाइन मागवलेला, नायलॉनचा, लागत नाही असा. मी पेटी डोक्यावर घेतली होती. पुठ्ठ्याची. का घेतली? दोन दिवस मनाशी म्हणत होते, नाटक आहे, होऊन जाऊ दे. नवऱ्यानेही तेच सांगितलं होतं. "जाऊ दे गं. चार मराठी माणसं आहेत इथे. त्यांच्याशी कशाला वाकडं घ्यायचं?"

मग मेधाताईंनी माझ्या तन्वीला बोलावलं. नऊ वर्षांची आहे. तिच्या हातात सूप दिलं.

"ही खुर्च्यांमधून मागत फिरेल. लोक चॉकलेट टाकतील. किती गोड दिसेल बघ."

मला कुणी विचारलंच नाही. तन्वी खूश. तिला स्टेज आवडतं. ती निघालीसुद्धा, सूप पुढे धरून, "वाढा हो माय" म्हणत, जर्मन हेल काढून. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी चॉकलेट दाखवलं, सुपाजवळ नेलं, मागे घेतलं. पोरगी हसली. पुन्हा सूप पुढे केलं. काकांनी पुन्हा हात वर नेला.

इकडे सुहासने आसूड ओढला. आवाज छान निघाला. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

टाळ्या पडल्या. सुहासने पुन्हा मारला.

मी पेटी खाली ठेवली. खाली उतरून तन्वीच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"माझा बाप पोतराज होता," मी म्हणाले. "आम्ही मांगवाड्यातले. सूप मी धरायचे."

वाटलं, आता माना खाली जातील. कसलं काय. मेधाताईंचा चेहरा उजळला.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? किती छान! एकदम ऑथेंटिक होईल. सुहासला जरा फटका कसा मारतात ते दाखव ना."

इतक्या प्रेमाने म्हणाल्या. लपवत होते तेव्हा मी काळी होते. सांगितलं तर फुकटची मास्तरीण झाले. त्यांना माझ्या बापाची पाठ हवी होती, फक्त नीट दिसेल अशी.

"नाही दाखवणार," मी म्हणाले. "आणि हा भाग होणार नाही."

"एवढं पर्सनली का घेतेस? आपण सेलिब्रेट करतोय गं."

"सेलिब्रेशन तुमचं. पाठ माझ्या बापाची."

तन्वीचा हात धरून बाहेर आले. व्हरांड्यात तिने जर्मनमध्ये विचारलं, आजोबा स्वतःला का मारायचे? मी मराठीत सांगितलं. ज्वारीचं, मातीचं, पाटलाच्या पोरांचं, सगळं. ती रडली नाही. मी तिला जवळ घेतलं नाही. म्हटलं, कळू दे.

मिरेयने आतून ऐकलं होतं. भाषा कळली नव्हती, आवाज कळला. मी थोडक्यात सांगितल्यावर म्हणाली, "तुझ्या वडिलांचं काही असेल तर आण. भिंत मी देते."

तोंडाला पाणी सुटलं माझ्या. बापाचा फोटो, खाली नाव, वर दिवा. आणि तरीही नाही म्हणाले. तिच्या आजीने झेंडा लपवला, कारण तो जपायचा होता. माझ्या बापाने आसूड फेकला, कारण मला जपायचं होतं. तो मी विहिरीतून काढून दिव्याखाली टांगू? म्युझियमवाल्यांनी मान वाकवली तरी नको.

मिरेयचा हेवा मला अजून वाटतो. तिथे गेले की पहिल्यांदा तो फोटोच दिसतो आणि पोटात आग पडते. ती विझवायची माझी इच्छा नाही. तिच्यामुळेच तर मी सूप काढून घेतलं. नाहीतर पुठ्ठ्याची पेटी घेऊन उभी राहिले असते, हसत.

मंडळाच्या ग्रुपवर आता मला कुणी काही विचारत नाही. मेधाताईंनी निरोप पाठवला की तुझ्या जागी दुसरी बाई आणि तन्वीच्या जागी दुसरी मुलगी घेतली आहे, तुम्हा दोघींना त्रास नको. म्हणजे पोतराज होणार आहे.

रविवारी कार्यक्रम आहे. मी पहिल्या रांगेत बसणार, तन्वी शेजारी. नवऱ्याला सांगितलंय, यायचं तर ये. सुहासने हात उचलला की मी उठणार. आधी मराठीत बोलणार, मग तेच जर्मनमध्ये, कारण आपल्या पोरांना जर्मन जास्त कळतं आणि त्यांच्यापैकी एकालाही हे अर्धवट कळायला नको. जात सांगणार. आई-बापाची नावं सांगणार. गाणं थांबवतील, माईक बंद करतील, कुणी दंडाला धरून "बस गं" म्हणेल. म्हणू दे. सुहास तो आसूड जमिनीवर ठेवेपर्यंत मी बसणार नाही.