तीन मुली, तिघीही वैमानिक

मैत्रिणींनो, आज दुपारी मुरुमच्या आमच्या घरी शेजारच्या सातवीतल्या तीन मुली आल्या. उद्या वर्गात 'मला कोण व्हायचंय' यावर माहिती सांगायची आहे. तिघींच्या हातात एकाच झेरॉक्सच्या दुकानातून आणलेलं सारखंच छापील रंगीत प्रोजेक्ट: वैमानिक!

"आजी, दुकानदारानं सगळ्यांना हेच दिलं," त्यांच्यातली श्रावणी रडवेली झाली. "उद्या वर्ग लई हसंल."

"तुला खरंच कोण व्हायचंय?"

"जनावरांची डॉक्टर."

मी जुन्या लग्नपत्रिका कापून कोऱ्या बाजूची कार्डं केली. एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची, हे मला कॉन्व्हेंट शाळेत आमच्या शिक्षिका सिस्टरनी शिकवलं होतं. मग ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावून श्रावणीच्या हातात दिला.

"सर, म्हैस लाथ मारत न्हाय का तुम्हाला?"

"मारते की! पहिला धडा तोच."

शिक्षण, किती वर्षं, रोजचं काम, अशी सात कार्डं भरली. श्रावणीनं लाथेचं कार्ड सगळ्यात वर ठेवलं.

"आजी, इथूनच सुरू करते. आता हसू द्या."

उरलेल्या दोघींना नर्स आणि वकील व्हायचंय. आज संध्याकाळी त्यांच्याशी दहा मिनिटं फोनवर तुमच्यातली किंवा तुमच्या ओळखीतली कोण नर्स, कोण वकील बोलेल?