टेलिहँडलर आलं तो दिवस

भाताच्या ओल्या कोंड्याचा वास आला की मला वारासिवनीच्या राईस मिलमागचं नव्या गोदामाचं बांधकाम आठवतं. तिथे मी खडबडीत जमिनीवर चालणारी, मोठ्या चाकांची फोर्कलिफ्ट चालवायचो. एक दिवस इंजिनिअर साहेबांनी नागपूरहून टेलिहँडलर, म्हणजे लांब होणाऱ्या लोखंडी हाताने माल उचलणारं मशीन मागवलं. दोन्ही मशीनं चालवून बघायची आणि एकच ठेवायचं, असं ठरलं. माझी गाडी भिंतीला भिडल्याशिवाय माल वर देऊ शकत नसे. टेलिहँडलरने भिंतीपुढच्या नालीच्या अलीकडूनच आपला लांब हात बाहेर काढला आणि पत्र्यांचा गठ्ठा थेट छतावर ठेवला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या; माझ्यासाठी अशा टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या. दुसऱ्या फेरीला त्याच्या ऑपरेटरने मला विचारलं, "दादा, इकडची माती पक्की हाय का?" आदल्याच दिवशी तिथला खड्डा बुजवला होता, हे मला माहीत होतं. "हौ, गाडी आन बिनधास्त," मी म्हणालो. पुढचं चाक खचलं आणि मशीन एका अंगाला कललं. त्याने घाई न करता हात आत ओढला, गठ्ठा अलगद खाली टेकवला. "काहून झालं असं?" साहेब ओरडले. "माहाच अंदाज चुकला, साहेब," तो म्हणाला आणि त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. "हे कलंडनारं मशीन नको," म्हणत साहेबांनी ते संध्याकाळीच परत पाठवलं. काम माझ्याकडेच राहिलं. पण आज कबूल करतो, सगळं समजूनही त्याने माझं नाव घेतलं नाही, त्याच्या या मोठेपणाचाही मला तेव्हा हेवाच वाटला होता.