वडिलांची मेथी आणि रक्ताची गोळी

माझा स्वभाव संशयी आहे असं घरातले सगळे म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. वडिलांच्या हृदयाची झडप बदलली तेव्हापासून तर मी कोणत्याच गोळीवर डोळे मिटून विश्वास ठेवलेला नाही. नवी झडप म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, जास्त झाली तर आतल्या आत रक्त जातं. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं आणि माझी शांती तिथंच संपली.

वडील अजिंठ्याकडचं शेत भावाच्या हाती देऊन माझ्याकडे राहायला आले. गावाकडं गुडघे दुखले की लोक एकमेकांना विरजण द्यावं तशा गोळ्या देतात. म्हणून पहिल्याच दिवशी मी ताकीद दिली की दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही, कुणी दिलेला काढा प्यायचा नाही. नवी चिठ्ठी मिळाली की मी शहागंजातल्या औषधाच्या दुकानात जायची, जुन्या सगळ्या पट्ट्या काउंटरवर मांडायची आणि कशाबरोबर काय चालेल ते एकेक विचारायची. दुकानदार भला माणूस, पण एकदा तोही म्हणाला की पोरीचं स्थळ बघतानासुद्धा लोक एवढी चौकशी करत नाहीत.

मेथीचंही विचारून झालं होतं. हिरव्या पालेभाज्या या गोळीचा जोर कमी करतात, आणि वडिलांना दुपारी भाकरीबरोबर मेथी लागतेच. डॉक्टर म्हणाले, खाऊ द्या, फक्त रोज तेवढीच. गोळी त्या अंदाजानं बसवू. तशी बसली. दर महिन्याच्या तपासणीत रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा हद्दीत यायचा आणि मी महिनाभर मोकळा श्वास घ्यायची.

मग माझ्याच मानेत गाठ आली. ती काढून तपासणीला पाठवली, रिपोर्टला बारा दिवस लागणार होते. मी वडिलांना साधी गाठ आहे, रिपोर्ट तेवढा यायचाय, म्हणून सांगितलं. ते हूं म्हणाले आणि पेपर वाचत बसले. मला जरा वाईटच वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं. वडिलांच्या हिरड्यांतून येत होतं. बाही वर केली तर दंडावर निळेकाळे डाग. तपासणीत आकडा हद्दीच्या फार वर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, नवी गोळी काही? मी सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतल्या. नवीन काहीच नव्हतं. मी वडिलांवर घसरले, कुणाची गोळी घेतली ते खरं सांगा म्हणून.

जेवणात काही बदल? डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणाले. रोज सकाळी मेथी करून, झाकून मग मी ऑफिसला जाते.

वडील माझ्याकडं न बघता डॉक्टरांना म्हणाले, "मेथी सोडली जी. देवाला बोललो. पोरीचा रिपोर्ट नीट येईस्तोवर हिरवं पान तोंडाला लावायचं नाय."

माझी भाजी आठ दिवस फाटकावरचा वॉचमन खात होता. नवस बोलून दाखवला तर फळत नाही, म्हणून मला सांगितलं नव्हतं. जगातली प्रत्येक गोळी मी तपासली होती; माझ्यासाठी काही सोडलंय का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली, मग पुन्हा तपासणी. आणि मेथी पूर्वीसारखी सुरू करा, ती सुटली की तीच गोळी जास्त होते, ही धरसोड जिवावर बेतेल, असं बजावलं. वडिलांनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाले, "रिपोर्ट येऊ दे माय, मग खातो."

मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. मी बोलू नये ते बोलले. ते हातावरचे डाग बाहीनं झाकत बसले. देवाला दिलेला शब्द मोडायला ते तयार नव्हते, आणि तो त्यांनी माझ्यासाठी दिला होता. भांडायचं तरी कुणाशी?

घरी आल्यावर मी फोन घेऊन गॅलरीत गेले. आत येऊन सांगितलं, "बाबा, रिपोर्ट आला. काही निघालं नाही."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग देवाकडं तोंड करून हात जोडले. मी मेथी निवडायला बसले. ताटात वाढली तेव्हा पहिला घास त्यांनी कपाळाला लावून खाल्ला. अजून थोडी मागितली, मी नाही म्हणाले, रोज तेवढीच.

रिपोर्ट यायला अजून चार दिवस होते.